ऊसतोडीच्या हंगामात हुशारीची परीक्षा

बीड जिल्ह्यातल्या हुशार मुलांचा शोध घेणाऱ्या तीन सरकारी परीक्षा महत्त्वाच्या आहेत, आणि तिन्ही ऊसतोडीच्या हंगामात येतात. नवोदय विद्यालयाची सहावीसाठीची निवड चाचणी २०२५ साली १८ जानेवारीला झाली, त्यानंतरची १३ डिसेंबरला. आठवीच्या मुलांची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, डिसेंबरच्या उत्तरार्धात असते. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत. २०२४-२५चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला होता. दसरा-दिवाळी उरकली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती थेट मार्चनंतर परततात. लाखो माणसांचे हे स्थलांतर ज्या महिन्यांत होते, नेमक्या त्याच महिन्यांत सरकार त्यांच्या मुलांची बुद्धी मोजायला बसते.

चाचण्या न्याय्य आहेत का, ही चर्चा जगभर शंभर वर्षे चालू आहे आणि ती बहुतेक प्रश्नपत्रिकेभोवती फिरते. कोणता प्रश्न कोणत्या समाजाच्या मुलाला अवघड जातो, शब्द काढून आकृत्या घातल्या तर फरक पडतो का, असे ते वाद आहेत. ते महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे मी येतोच. पण बीडमध्ये पहिला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. परीक्षेच्या दिवशी बाकावर बसायला मूल गावात असते का?

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली. मुलांचे तीन मार्ग असतात. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मूल गावात राहते. शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृह सुरू केले असेल तर तिथे जेवते आणि शाळेत जाते. मात्र ही वसतिगृहे अनेकदा गाड्या निघून गेल्यावर सुरू होतात. यातले काहीच जमले नाही तर मूल आईबापांसोबत फडावर जाते आणि कोपीत राहते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी हमखास जाते.

आता परीक्षेचा अर्ज पाहा. तो पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आसपास भरला जातो, तेव्हा मूल बहुधा वर्गात असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई स्वतःच्या मोबाइलवर अर्ज भरतात, फोटो काढतात, सही घेतात. शिष्यवृत्ती परीक्षेचे शुल्क पालकाला जमत नसेल तर कित्येक शिक्षक ते खिशातून घालतात. प्रवेशपत्र येते तेव्हा मूल कऱ्हाडजवळ नाही तर अथणीकडे असते. केंद्रावरच्या यादीत त्याच्या नावापुढे गैरहजर अशी नोंद होते. नवोदयच्या नियमानुसार सहावीच्या प्रवेशाची चाचणी एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. उमेदवाराने पाचवीचे अख्खे वर्ष त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे लागते. ग्रामीण जागेवर दावा असेल तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण शाळेत काढलेली हवीत. शहरातल्या मुलांनी गावाच्या जागा खाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आणि हेतू रास्त आहे. पण मधले चार महिने कारखान्याजवळच्या शाळेत नाव घातलेल्या मुलाला हाच नियम आड येतो. म्हणजे ज्याच्या बापाने मुलाचे शिक्षण तुटू नये म्हणून धडपड केली, त्याचीच कागदपत्रे अडतात.

नवोदयचा विचार जरा सविस्तर करायला हवा, कारण गुणवत्ता शोधण्याचा देशातला सर्वांत मोठा सरकारी प्रयोग तोच आहे आणि त्याची सुरुवात अंशतः महाराष्ट्रात झाली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास पहिली दोन विद्यालये निघाली, एक हरयाणातल्या झज्जरला आणि दुसरे अमरावतीला. बीडचे नवोदय गेवराई तालुक्यातल्या गढीला आहे. दर वर्षी सहावीत ८० मुले घेतात, राहणे-जेवणे-शिक्षण सरकारचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गांचे आरक्षण. स्पर्धा जिल्ह्यापुरती असते. बीडच्या मुलाची तुलना पुण्याच्या मुलाशी होत नाही. न्यायाच्या दृष्टीने ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. अर्जाला शुल्क नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

प्रश्नपत्रिका दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यातले निम्मे, म्हणजे ४० प्रश्न आणि ५० गुण, मानसिक क्षमतेचे असतात आणि ते सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, घडी घालून कापलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते निवडा, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधा. उरलेले अर्धे गुण अंकगणित आणि भाषा यांत विभागलेले. राज्याच्या पाचवीच्या शिष्यवृत्तीतही बुद्धिमत्ता चाचणीला ३०० पैकी १०० गुण आहेत.

आकृत्यांना एवढे वजन देण्यामागे जुना विचार आहे. शब्द आले की घरची भाषा, घरातली पुस्तके, बापाचे शिक्षण हे सगळे उत्तरात उतरते. आकृतीला जात नाही, भाषा नाही. इंग्लंडमध्ये जॉन रेव्हन यांनी १९३८ साली याच आशेने आकृत्यांची चाचणी केली, अमेरिकेत नाग्लिएरींची चाचणी त्याच वाटेची. ही आशा अर्धीच खरी ठरली. कारण आकृतीचे प्रश्न सोडवणे हे शिकता येते, आणि चटकन शिकता येते. कागदाच्या घडीचा प्रश्न घ्या. चौकोनी कागद आडवा दुमडला, मग उभा दुमडला, कोपऱ्याला छिद्र पाडले. ज्या मुलाने असे प्रश्न शे-दोनशे वेळा सोडवले आहेत त्याला माहीत असते की दोन घड्या म्हणजे चार छिद्रे, आणि ती कुठे येतील ते घडीच्या रेषेपलीकडे मोजायचे. तो पंधरा सेकंदांत पुढे जातो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न पाहिला आहे, तो आधी चित्रात काय दाखवले आहे हेच समजून घेतो. त्याची बुद्धी प्रश्न सोडवण्याआधी प्रश्नाची रीत ओळखण्यात खर्ची पडते. त्यात उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करण्याची कसरत. एक गोल चुकून सोडला की खालची सगळी उत्तरे एका ओळीने सरकतात.

म्हणूनच बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथे नवोदयचे क्लास चालतात, गाइडे आणि सराव संच खपतात, काही क्लास निवासी आहेत. शेजारच्या लातूरने दहावी-बारावीला क्लास लावून तयारी करून घेण्याचा जो पायंडा पाडला तो आता पाचवीपर्यंत खाली आला आहे. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. गढीची एक जागा म्हणजे मुलाच्या सात वर्षांच्या शिक्षणाची चिंता मिटणे. पण परिणाम उघड आहे. जी चाचणी न शिकवलेली बुद्धी मोजायला निघाली, ती आता बऱ्याच अंशी वर्षभराची तयारी मोजते, आणि ती तयारी ज्यांना परवडते ते फडावर जात नाहीत.

बुद्धिमापनाच्या इतिहासात हा घोळ सुरुवातीपासून आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तीच चाचणी उचलून प्रतिभावंत निवडायला वापरली. १९२१पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजार मुले निवडली, तीही आधी शिक्षकांनी सुचवलेल्यांमधून. या गाळणीतून विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले गळली. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्याकडे हे काम धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात केले. बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांवर घासून-पुसून त्यांनी नव्याने बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही वापरात आहे. परक्या देशातले प्रश्न जसेच्या तसे विचारायचे नाहीत, आधी आपल्या मुलांवर तपासायचे, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता. तरी आठवण ठेवायला हवी की ते काम मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात झाले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठी मुलांचे प्रमाण म्हणून जे ठरले त्यात मराठवाड्याचे मूल नव्हते.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने यापुढची पायरी गाठली. आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेल्या या संस्थेने १९६९मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला काढली आणि बुद्धी म्हणजे एकच आकडा हे मानायला नकार दिला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्तावर तिथे वेगवेगळ्या क्षमतांच्या चाचण्या तयार झाल्या, आणि उषाताई खिरे यांनी त्यावर आयुष्य घातले. आठवण वेगळी, नवे सुचणे वेगळे, पारखून निर्णय घेणे वेगळे. प्रत्येकाला निराळी चाचणी. प्रबोधिनीचे काम आता अंबाजोगाईतही आहे. मला या विचाराचे मोल फार वाटते, कारण नवोदय काय किंवा शिष्यवृत्ती काय, चार पर्यायांतून एक निवडण्यापलीकडे मुलाला काय सुचते हे आपण विचारतच नाही. अर्थात अशी चाचणी महाग असते आणि ती घ्यायला प्रशिक्षित माणूस लागतो. तालुक्या-तालुक्यात ती घेणे आज शक्य नाही.

भाषेचा प्रश्न बीडमध्ये दिसतो त्यापेक्षा खोल आहे. शिष्यवृत्ती परीक्षा मराठी, उर्दू, हिंदीसह अनेक माध्यमांत देता येते, त्यामुळे बीड शहरातल्या उर्दू शाळेतल्या मुलाची सोय होते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, पारधी वस्तीवरचे पारधी. त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी ही शाळेत आल्यावर भेटलेली भाषा आहे. मराठी घरातल्या मुलालाही प्रश्नपत्रिकेतली मराठी आपली वाटत नाही. ‘खालीलपैकी विसंगत घटक कोणता’ हे वाक्य घरात कोण बोलते?

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दुखण्यावर काम केले होते. पाठ्यपुस्तकातली विज्ञानाची भाषा सोपी करून लिहिली की मुलांची समज वाढते, हे त्यांनी दाखवले. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना काही वर्षे नेटाने शिकवले आणि १९८५ साली त्याचा अहवाल काढला. वंचित मुलांमध्ये गुणवत्ता शोधायची असेल तर ती आधी जोपासावी लागते, शोध आणि जोपासना एकामागून एक नव्हे तर एकत्र चालवावे लागतात, असा त्या कामाचा अर्थ मी घेतो. चाळीस वर्षांनंतरही आपल्या निवड परीक्षा त्याच्या उलट चालतात: आधी निवड, मग ज्याची निवड झाली त्याचीच जोपासना.

घरात जी बुद्धी रोज वापरली जाते ती कागदावर का उतरत नाही, यावरही बरेच संशोधन आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-लिंबे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातला हिशोब ही मुले ९८ टक्के वेळा बरोबर करत. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत मांडली की बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर यायचे. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल हेच दाखवले, आणि उलट बाजूही: शाळेत गणित येणारी मुले बाजारातल्या हिशोबात अडखळतात.

फडावरच्या मुलाचे गणित असेच आहे. २०२४च्या सुरुवातीला तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये ठरला. दिवसाला किती मोळ्या झाल्या, गाडीत किती टन बसला, काट्यावर किती भरला, आठवड्याचे किती झाले, उचलीतून किती वजा झाले आणि अजून किती फिटायचे आहे, हे दहा-अकरा वर्षांचे पोर बापाला तोंडी सांगते, कारण बापाला मुकादमाच्या वहीतले वाचता येत नाही. यात गुणाकार आहे, वजाबाकी आहे, अंदाज आहे आणि आकडा फसवा आहे का हे ओळखण्याची नजरही आहे. तेच मूल ‘एका वस्तूची खरेदी किंमत’ या शब्दांशी अडते. ही क्षमता मोजणारा एकही प्रश्न आपल्या कोणत्याच परीक्षेत नाही. असा प्रश्न तयार करणे मुळीच अवघड नाही.

या सगळ्या वादात मला सर्वांत उपयोगी वाटलेला पुरावा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला आहे. ब्रोवर्ड परगण्यात विशेष वर्गासाठी मुले शिक्षक किंवा पालक सुचवत, मग चाचणी होई. २००५ साली त्यांनी ठरवले की दुसरीतल्या प्रत्येक मुलाला आकृत्यांची एक छोटी चाचणी द्यायची, कुणी सुचवो अथवा न सुचवो. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. गरीब आणि घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांमधून निवडले जाणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तिप्पट झाले. पात्रतेचे निकष तेच होते. फक्त पाहणारी नजर सगळ्यांवर गेली. पुढे पैसे कमी पडले, सरसकट चाचणी बंद झाली, आणि आकडे पुन्हा खाली आले. आयोवा विद्यापीठाचे डेव्हिड लोहमन यांचे म्हणणे याला पूरक आहे: आकृत्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा मुलाची तुलना त्याच्यासारखीच शिकण्याची संधी मिळालेल्या मुलांशी करा, मग कोण पुढे आहे ते दिसेल.

ही दोन्ही सूत्रे बीडला लावता येतात. सरसकट चाचणी म्हणजे पाचवीतल्या प्रत्येक मुलाची, नाव नोंदवलेल्याची आणि न नोंदवलेल्याचीही, आणि ती सप्टेंबरात, गाड्या भरण्याआधी. जिल्ह्याच्या पातळीवर एक चाळणी परीक्षा घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही. जिल्हा परिषद हे करू शकते. नवोदय समितीकडे मात्र एक मागणी लावून धरलीच पाहिजे: स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला तो जिथे असेल तिथल्या जवळच्या केंद्रावर बसू द्या. कोल्हापूर, सातारा, सांगली, बेळगाव या प्रत्येक जिल्ह्यात नवोदय आहे आणि त्याच दिवशी तिथेही परीक्षा असते. प्रश्नपत्रिका त्याला बीडच्या यादीसाठी द्यायची, एवढेच. कारखान्याजवळच्या शाळेतली हजेरी मूळ शाळेची हजेरी म्हणून धरायची.

एनएमएमएसची वेगळी अडचण आहे. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच खुली आहे आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांनाच. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा, वर्षाला १२ हजार रुपये, नववी ते बारावी. पण नववी ते बारावी हीच ती वर्षे आहेत ज्यांत बीडमधल्या मुलींची लग्ने होतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या विशी-चोविशीतल्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. जोडीला कोयता लागतो आणि कोयत्याला जोडी लागते, हे त्यामागचे मोठे कारण. आठवीत गुणवत्ता यादीत आलेली मुलगी दहावीपर्यंत टिकली का, हे तपासणारी यंत्रणा चाचणीच्या निम्म्या खर्चात उभी राहील. तशी ती नसेल तर मुलींच्या बाबतीत चाचणी कितीही न्याय्य असो, उपयोग नाही.

धोरणाच्या पातळीवर पाहिले तर एनसीईआरटीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ सालापासूनची. २०२१नंतर ती थांबली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुणवत्तेच्या मुलांना आधार देण्याची कलमे आहेत, पण ती शिक्षकाच्या हातात काही साधन देत नाहीत. राज्याने शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली आणि आता ती परत चौथी-सातवीला आणायचे ठरवले आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वाढली हे चांगले झाले: पाचवीला वर्षाला पाच हजार, आठवीला साडेसात हजार.

राहिला प्रश्न जे निवडले जात नाहीत त्यांचा, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा. गढीला ८० मुले जातात. ८१वे मूल आणि पाचशेवे मूल यांच्यातले अंतर काही गुणांचे असते. शिष्यवृत्ती परीक्षेत बसलेल्या प्रत्येक मुलाचे विषयवार गुण शाळेला मिळतात. कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या शाळेत बुद्धिमत्ता चाचणीत चांगले आणि भाषेत कमी गुण पडलेली मुले आहेत, हे त्या यादीत आजच लिहिलेले आहे. याच मुलांना मदतीची सर्वांत जास्त गरज असते आणि त्याच मदतीचा त्यांना सर्वांत जास्त फायदा होतो. कुलकर्णी-आगरकरांनी मुंबईत केले तसे तालुक्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारी त्यांना एकत्र आणता येईल. जून ते सप्टेंबर हे चार महिने मूल गावात असतेच. शिकवायला सांगायचे कुणाला, तर पदरमोड करून अर्ज भरणाऱ्या त्याच शिक्षकांना, पण या वेळी मानधन देऊन आणि इतर कागदी कामांतून सोडवून. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात एक स्वतंत्र लेखाशीर्ष लागेल. पुढच्या वर्षीच्या तरतुदी ठरतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून मागणी त्याआधी शिक्षण समितीपुढे गेली पाहिजे.